सरासरी बाई

प्रणीत डुंबरेला साधा कुकर घ्यायचा असला तरी घरात महिनाभर सभा भरायची. कोणत्या कुकरचं झाकण कोणाच्या हातात अडकलं, कोणाची शिटी कितव्या वर्षी रुसली, हे सगळं वाचून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शेवटी त्याची बायको गौतमी कंटाळून कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठला तरी एक उचलून आणायची आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालायचा. अशा माणसावर राहायचं गाव निवडायची पाळी आली, तेव्हा त्याचं काय झालं असेल याची कल्पना केलेली बरी.

पाळी आली ती विक्रोळीतली त्यांची इमारत रिकामी करायची होती म्हणून. भरतीला पार्किंगमध्ये येऊन बसणारं खाडीचं पाणी आता ओहोटीलाही उठेनासं झालं होतं. मुंबईच्या सखल भागातल्या अशा पुष्कळ इमारती खाली होत होत्या आणि बदल्यात शहराबाहेर नव्याने वसवलेल्या उपनगरांत घर मिळत होतं. एका कुटुंबाला एक घर. निवड एकदाच करायची. नंतर पस्तावलात तर बदलून मिळायचं ते फक्त आरोग्याच्या कारणावर, तेही आयुष्यात एकदा.

घरात माणसं चार. प्रणीत आणि गौतमी, त्यांची मुलगी स्वरदा, जिला लहानपणापासून दमा, आणि प्रणीतचे वडील अण्णा. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं पालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात घालवली होती. आवाज अजूनही तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा खणखणीत, पण हृदय थकलं होतं. उन्हाळ्याच्या उकाड्यात त्यांचा जीव घाबरा व्हायचा आणि मग सगळं घर त्यांच्याभोवती ओला पंचा घेऊन बसायचं.

दर रविवारी एक, अशी तीन उपनगरं त्यांनी पाहिली.

माळदरा पठारावर होतं. मोकळं, ऐसपैस, पण वारा असा की दाराबाहेर पाऊल टाकताच दातांत धूळ करकरली. स्वरदा तिथे तासभर खोकत बसली. धामणखिंड डोंगरांच्या खोबणीत होतं. सगळी छपरं पांढरीशुभ्र, सगळ्या खिडक्या बंद, आणि घरात पाऊल टाकताच अंगावर आलेला गारवा. अण्णा तिथल्या एका रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "आहाहा! तलावात पहिली उडी मारल्यासारखं वाटतंय रे."

खाजणपूर खाडीच्या तोंडाशी होतं. तिथली घरं उंच जोत्यांवर बांधलेली, जुन्या धाटणीची. हवा दमट, पण हलती. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या. गौतमी त्यातल्या एका खिडकीशी उभी राहिली, तर पलीकडच्या गॅलरीत कोथिंबीर निवडणारी एक बाई आपणहून म्हणाली, "घर बघायला आलात? घ्या, घ्या. इथे बोंबील वाळत घातले तरी कोणी नाक मुरडत नाही."

गौतमी मोठ्याने हसली. परतताना गाडीत ती म्हणाली, "मला हे आवडलं."

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. एवढ्या काळात तिने कुठल्याही गोष्टीबद्दल इतकं सरळ "मला आवडलं" म्हटल्याचं प्रणीतला आठवेना. तरी तो म्हणाला, "आवडण्यावर काय आहे, गौतमी? आधी जुळणी बघू."

जुळणी म्हणजे काय ते सांगायला हवं. माणसाचं शरीर आणि राहायची जागा यांचं एकमेकांशी कितपत पटतं, हे आधीच पाहता येईल असं एक यंत्र तोवर सर्रास वापरात आलं होतं. दंडावर आठवडाभर एक पट्टा बांधायचा. हा पट्टा घामातले क्षार मोजायचा, नाडी मोजायचा, कातडीची उष्णता आणि नाकातोंडाशी आलेल्या हवेतली धूळ टिपायचा. कष्ट पडले की हृदय किती धावतं, घाम गेल्यावर मूत्रपिंडं कशी सावरतात, अशा हजारो बारीकसारीक नोंदींवरून यंत्राच्या आत त्या माणसाची एक हुबेहूब प्रतिकृती तयार व्हायची. तिला म्हणायचे प्रतिदेह. मग हा प्रतिदेह यंत्र एकेका उपनगरात नेऊन ठेवायचं, तिथले पुढच्या तीस वर्षांतले उन्हाळे, धूळ, दमटपणा त्याच्यावरून झरझर पळवायचं आणि आधी कोणता अवयव हात टेकतो ते पाहायचं. निकाल रंगांत यायचा. हिरवा, पिवळा, लाल. लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पिढ्यानपिढ्या पत्रिका पाहून लग्नं ठरवणाऱ्या माणसांना पत्रिका पाहून घर ठरवायला कितीसा वेळ लागणार?

पट्टे आले. प्रणीतने आपला आंघोळीतसुद्धा काढला नाही. स्वरदाने आपल्या पट्ट्यावर मांजराचं चित्र काढलं. अण्णा तर आल्यागेल्याला बाही वर करून दाखवायचे.

गौतमीचा पट्टा पहिल्याच सकाळी कोकलायला लागला. ती कणीक मळत होती. मळताना बांगड्या वर सरकवायच्या, अंगठी काढून ठेवायची, ही तिच्या हातांची सवय. पट्ट्यावर पीठ बसलं, मग फोडणीचं तेल उडालं आणि तो "संवेदक अस्वच्छ, संवेदक अस्वच्छ" असा एकसारखा ओरडू लागला. तिने तो काढला, पुसला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी किल्ल्यांचा खिळा होता त्यावर अडकवला. स्वयंपाक उरकला की ती तो पुन्हा बांधायची. संध्याकाळी पुन्हा तेच. कधीकधी बांधायचा राहूनच जायचा.

"पट्ट्याचाच प्रतिदेह होणार बघ," प्रणीत तिला चिडवायचा. "खिळ्याला कुठलं उपनगर मानवतं ते कळेल आपल्याला."

"कळू दे. खिळ्याला तरी कोणीतरी विचारलं म्हणायचं," ती म्हणायची आणि दोघं हसायची.

निकालाच्या दिवशी चौघंही पुनर्वसन केंद्रात गेली. तिथे शर्वरी नावाची एक हसतमुख मुलगी समुपदेशक होती. तिने भिंतीवर रंग उजळले. खाजणपूरच्या दमट उकाड्यात अण्णा लालभडक. तिथले फार उन्हाळे ते काढणार नाहीत, हे शर्वरीने जितक्या मऊ शब्दांत सांगता येईल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. माळदऱ्यात स्वरदा लाल. धामणखिंडीत अण्णा हिरवे, स्वरदा हिरवी. प्रणीत सगळीकडे पिवळट हिरवा. आणि गौतमी? गौतमी तिन्ही ठिकाणी हिरवीगार.

"ताईंचं छान आहे. त्यांना कुठेही मानवेल," शर्वरी म्हणाली.

"तिचं असंच आहे. कुठेही जमवून घेते," प्रणीत कौतुकाने म्हणाला.

"हिची सासू पण अशीच होती. कधी कशाची तक्रार म्हणून नाही," अण्णा त्यांच्या तलावाच्या आवाजात म्हणाले, आणि मग का कोण जाणे, एकदम गप्प झाले. त्यांची बायको पन्नाशीही न गाठता गेली होती.

गौतमीने एकदाच विचारलं, "खाजणपूरला अण्णांच्या खोलीत थंड हवेचं यंत्र लावलं तर?"

"दिवसरात्र लावावं लागेल. आणि तिथे भर उन्हाळ्यातच वीज जाते," शर्वरी म्हणाली.

गौतमीने मान डोलावली. भिंतीवर इतकं ढळढळीत दिसत असताना, मला दोन खिडक्या हव्यात म्हणून तुम्ही मरा, असं सासऱ्यांना कोण म्हणेल? ते धामणखिंडीत राहायला गेले.

धामणखिंड कशी गार राहायची, तेही ऐकण्यासारखं आहे. तापलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात बाहेर टाकत असते. त्यातली बहुतेक वातावरण अडवून धरतं. पण काही ठरावीक किरणांना हवा अडवत नाही, वाट देते. धामणखिंडीच्या छपरांवरचा पांढरा पापुद्रा घरातली उष्णता नेमकी त्याच किरणांत बदलून थेट आकाशापलीकडच्या गारठ्यात सोडून द्यायचा, फारशी वीज न खाता. मात्र असा मिळवलेला गारवा टिकवायचा तर घर डबीसारखं बंद हवं. शिळी हवा तर बाहेर जायलाच हवी. ती घरभरातून ओढून एका ठिकाणाहून बाहेर टाकलेली बरी, आणि ते ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला काचेचं दार होतं. शेगडी पेटली की ते आपोआप मिटायचं, म्हणजे आतली धग घरात येऊ नये. शेगडी विझल्यावर थोड्या वेळाने उघडायचं. आतल्या माणसाचं काय, हाही हिशेब केलेला होता. सरासरी बाई काचेमागे किती वेळ असते आणि तेवढी धग तिला सोसते का, हे प्रतिदेहांवरूनच पाहून घेतलेलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं खरोखर सुखाची गेली. अण्णा रोज खिंडीच्या टोकापर्यंत फिरून यायचे. स्वरदाचा श्वासाचा पंप कपाटात कुठेतरी मागे पडला, ती शाळेच्या लंगडीच्या संघात गेली. कुकरपेक्षा मोठी गोष्ट आपण बिनचूक निवडली, म्हणून प्रणीत सगळ्यांना आपल्या घरी बोलवायचा. माणसं यायची, गारव्याने खूश व्हायची, जेवून जायची.

गौतमी काचेमागे असायची. घरबसल्या विम्याचे दावे तपासायची तिची नोकरी होती. एक खोली अण्णांची, एक स्वरदाच्या अभ्यासाची, म्हणून तिने आपलं टेबलही स्वयंपाकघरातच टाकलं होतं. काचेमुळे आवाज ऐकू येत नसे. चहा हवा असला की बाहेरचं माणूस अंगठा तोंडाशी नेऊन खूण करायचं किंवा ती आतून कपाची खूण करून विचारायची आणि बाहेरच्याने मान हलवायची. स्वरदाला हा खेळ फार आवडायचा.

एकदा प्रणीतने दारात स्टूल अडकवून ते उघडं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासात सोसायटीचा निरोप आला की तुमच्यामुळे सगळ्या मजल्याचा गारवा जातो आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा तर स्वतः जिना उतरून आले आणि हात जोडून उभे राहिले. स्टूल निघालं.

मग गौतमीच्या पायांवर सूज यायला लागली. सकाळी डोळे जड व्हायचे. थकवा तिला नवा नव्हता, त्यामुळे तो कधी वाढला ते तिलाही सांगता आलं नसतं. चपला पायात शिरेनाशा झाल्या तेव्हा प्रणीत तिला उपनगरातल्याच मूत्रपिंडाच्या दवाखान्यात घेऊन गेला.

बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बायका होत्या. खालच्या मजल्यावरची जुबेदा, समोरच्या इमारतीतल्या कांबळेबाई, शाळेच्या दाराशी रोज भेटणारी कुणाची तरी आई. एकमेकींना पाहून आधी त्या ओशाळल्या, जणू चोरून सिनेमाला येऊन भेटल्या होत्या. मग सगळ्यांची नजर एकमेकींच्या पायांकडे गेली.

डॉक्टर लोहोकरेंनी तपासण्या पाहिल्या आणि सरळच सांगितलं. रोज धगीपुढे उभं राहून घाम जात राहिला, पाणी वेळेवर पोटात गेलं नाही, की मूत्रपिंडं हळूहळू करपतात. गौतमीची निम्म्याहून जास्त गेली होती. गेलेली परत येत नाहीत.

"पण हिची जुळणी हिरवी होती," प्रणीत म्हणाला. "तिन्ही ठिकाणी हिरवी! मी स्वतः पाहिलंय."

लोहोकरेंनी गौतमीला विचारलं, "पट्टा स्वयंपाक करताना कुठे असायचा तुमचा?"

"खिळ्यावर."

"जुबेदा म्हणाली फ्रीजवर. कांबळेबाईंचा देव्हाऱ्यात असायचा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पट्टा अंगावर नसला की यंत्राला तेवढा वेळ रिकामा दिसतो. रिकामी जागा ते तशी सोडत नाही. तुमच्या वयाच्या, तुमच्या वजनाच्या लाखो बायकांची सरासरी काढतं आणि तिथे भरतं."

"मग त्यात काय बिघडलं? लाखो बायका म्हणजे सरासरी तर पक्की असणार," प्रणीत म्हणाला.

"त्या लाखो बायकांनीही पट्टा नेमका तेव्हाच काढला होता."

प्रणीतला हे समजायला थोडा वेळ लागला. गौतमीला लागला नाही. यंत्राच्या पोटात एक सरासरी बाई बसली होती. ती दुपारी आडवी होत असे, कपडे घडी करत असे, मुलांचा अभ्यास घेत असे. ती शेगडीपुढे कधी उभीच राहिली नव्हती. तिला धामणखिंड मानवली होती आणि तिच्या मापाने सगळी स्वयंपाकघरं बांधली होती.

"आता काय करायचं?" गौतमीने विचारलं.

"त्या घरातून बाहेर पडा. हवा खेळती असेल तिथे जा. जे उरलंय ते पुष्कळ वर्षं टिकवता येईल. इथे राहिलात तर..." लोहोकरे थांबल्या. "इथे राहिलात तर रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर जायची पाळी यायला फार दिवस नाहीत. आणि तेही सगळ्यांनाच सोसतं असं नाही."

"मी स्वयंपाकच सोडला तर?"

"बाहेर बसलेल्या प्रत्येकीने मला तेच सांगितलंय. सोडला म्हणून. जोवर त्या घरात काचेमागे स्वयंपाकघर आहे, तोवर तुम्ही तिथे जाणार."

प्रणीतला हे ऐकून राग आला. त्याने त्याच दिवशी एप्रन बांधला. पहिले आठ दिवस त्याने कोणत्या पोळीला किती पीठ लागतं याची चर्चा केली, पुढचे आठ दिवस खरोखर पोळ्या केल्या. अण्णांना मीठ चालत नव्हतं, स्वरदाला शेंगदाणे चालत नव्हते, दोघांचं वेगळं करावं लागे. मग त्याच्या कामावर माणसं कमी झाली, तो उशिरा यायला लागला. बाहेरून डबा आणला, अण्णांचे पाय त्या खारट भाजीने फुगले. गौतमी एकदा फक्त कुकर लावायला आत गेली. मग फक्त फोडणीला. महिन्याभरात ती पहिल्यासारखी काचेमागे होती आणि हे कधी झालं ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. खरं तर आलं होतं.

उपनगराच्या कंपनीकडून उत्तर आलं की घरं मान्य सरासरीनुसार बांधलेली आहेत, तरी पुढच्या टप्प्यातल्या घरांत सुधारणेचा विचार होईल. धामणखिंडीत पुढचा टप्पा नव्हता. गौतमीने आईकडे जाऊन राहावं असंही एकदा निघालं, पण तिची आई भावाकडे एका खोलीत होती. आणखी एक घर भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. राहिली ती बदलीची एकुलती एक संधी. त्यासाठी जुन्या नोंदी किंवा दवाखान्याचे कागद चालणार नव्हते, चौघांची नव्याने जुळणी होणार होती. पट्टे पुन्हा आले.

"ताई, या वेळी अजिबात काढू नका," फोनवर शर्वरी म्हणाली. तिचा आवाज आता हसतमुख नव्हता. "खरं मोजलं गेलं तर यंत्र तुम्हाला इथून नक्की हलवेल. खाजणपूरला अजून एक घर शिल्लक आहे."

त्या रात्री जेवताना खाजणपूरचं नाव कोणी काढलं नाही. भिंतीवरचा लाल रंग चौघांनाही आठवत होता. गौतमी खरी मोजली गेली तर अण्णा जाणार. अण्णा खरे मोजले गेले तर गौतमी जाणार. दोघंही खरी मोजली गेली तर यंत्र दोघांची राहिलेली वर्षं तागडीत घालणार, आणि तागडी कुठे झुकेल ते प्रणीतला मोठ्याने वाचून दाखवावं लागणार. माणूस जेवता जेवता याचा विचार करू शकत नाही. प्रणीतने दही मागून घेतलं.

पट्टे बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रणीत कामावर आणि स्वरदा शाळेत असताना, गौतमी खिळ्यापाशी आली. तिचं ठरलं होतं. दंडावरचा पट्टा सोडून तिने हात वर केला, तर खिळ्यावर किल्ल्यांच्या शेजारी आधीच एक पट्टा होता.

अण्णा आपल्या खोलीच्या दारात उभे होते.

"अण्णा, हा इथे का?"

"आंघोळीला काढला होता."

"तो पाण्यात चालतो. आणि पाण्याला कधीपासून घाबरायला लागलात तुम्ही?"

अण्णा हसले. मग तिच्या मुठीकडे बोट करून म्हणाले, "आणि तुझ्या हातात काय आहे?"

गौतमीने मूठ पाठीमागे नेली.

"बस जरा," ते म्हणाले. ती बसली नाही, तेव्हा तेच भिंतीला धरून खाली टेकले. "हे बघ पोरी. त्या केंद्रात मी मोठ्या तोंडाने म्हणालो ना, हिची सासू पण अशीच होती म्हणून? ती अशीच होती म्हणून तर गेली. तोंडातून शब्द गेला आणि मला तिथल्या तिथे कळलं. त्या मुलीला म्हणायला हवं होतं, हिचं नीट बघ, हा रंग खोटा आहे. नाही म्हणालो. मला इथला गारवा हवा होता गं."

"तुमचं चुकलं नाही काही."

"चुकलं. तू उगाच माझी समजूत घालू नकोस. माझं झालं आता. मी त्या खाडीवर जाऊन मजेत बसेन, जितकं बसवेल तितकं. तू तुझा पट्टा बांध."

"आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुमचं काही झालं तर?" गौतमी म्हणाली. "प्रणीत मला बोलणार नाही काही. पण जेवताना बघेल ना माझ्याकडे. रोज बघेल. त्या दोन खिडक्यांसाठी मी तुम्हाला... मला नाही जमायचं, अण्णा. नाही म्हणजे नाही."

"तू गेलीस तर तो माझ्याकडे बघणार नाही? स्वरदा बघणार नाही?"

आपला मुद्दा बरोबर निघाला याचा अण्णांनाही आनंद झाला नाही.

मग हॉटेलात बिलावरून माणसं भांडतात तशी ती दोघं भांडली. तिने त्यांचा पट्टा खिळ्यावरून काढून त्यांच्या दंडावर बांधायला घेतला, त्यांनी हात मागे घेतला. त्यांनी तिला स्वरदाची शपथ घातली, तिने उलट तीच त्यांना घातली. अण्णांना दम लागला. तिने पटकन पाणी आणून दिलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघंही रडत होती.

"बरं," शेवटी अण्णा म्हणाले. "दोघांचेही राहू देत तिथे."

"म्हणजे यंत्र दोघांनाही ठणठणीत समजेल. आणि स्वरदाला इथलीच हवा चांगली आहे. म्हणजे आपण इथेच..."

"मला कळतंय ते."

"मलाही कळतंय."

तिने त्यांचा पट्टा पुन्हा खिळ्यावर टांगला आणि त्यावर आपला अडकवला. अण्णांच्या दुधाची वेळ झाली होती. ती आत गेली, शेगडी पेटवली आणि काचेचं दार दोघांच्या मध्ये मिटलं.

संध्याकाळी प्रणीत आला. किल्ल्या अडकवायला त्याने हात वर केला आणि तो तिथेच थांबला. त्याच्यासारख्या माणसाच्या नजरेतून खिळ्यावरचे दोन पट्टे सुटणं शक्य नव्हतं. त्याने काचेतून आत पाहिलं. गौतमीची पाठ होती. त्याने अण्णांच्या खोलीकडे पाहिलं. अण्णा डोळे मिटून पडले होते. हाक मारायला त्याने तोंड उघडलं. हाक मारली असती तर पुढचा शब्द त्याचा असता. बापाला सांगावं लागलं असतं, की तुम्ही बांधू नका. किंवा बायकोला सांगावं लागलं असतं, की तू बांधू नकोस. आयुष्यभर सगळं तोलूनमापून निवडणाऱ्या त्या माणसाने किल्ल्या हळूच, पट्टे खाली पडणार नाहीत अशा बेताने, त्यांच्यावर अडकवल्या. दुसऱ्या दिवशीही तशाच अडकवल्या. आठवडाभर त्याने हेच केलं.

निकाल घरच्या भिंतीवरच उजळला. प्रणीतने तो उभं राहून वाचला. स्वरदा, धामणखिंड, हिरवी. प्रणीत, हिरवा. अण्णा हिरवे. गौतमी हिरवीगार. या कुटुंबाला सध्याचंच ठिकाण सर्वांत योग्य, बदलीची गरज नाही.

"म्हणजे आई बरी होणार?" स्वरदाने विचारलं.

प्रणीत म्हणाला, "यंत्राने नीट बघूनच सांगितलंय बाळा."

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले. गौतमीने पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या आणि ती आत गेली.

पट्टे केंद्राला परत पाठवायचे होते. प्रणीतने चारही टेबलावर मांडले. त्याच्या पट्ट्याची आतली बाजू घामाने काळवंडली होती. स्वरदाच्या पट्ट्यावर या वेळी मासा काढलेला होता आणि त्याची शाई दंडाच्या घामाने फिसकटली होती. उरलेले दोन कोरे करकरीत होते. त्याने ते उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले, चारही पाकिटात घातले आणि पाकीट चिकटवून टाकलं. पाकीट हातात घेऊन तो बराच वेळ काचेपुढे उभा राहिला. आपण काय केलं हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि ते आता कोणालाही सांगता येणार नव्हतं.

आत गौतमी घामाने निथळत होती. तिला चाहूल लागली असावी. तिने वळून पाहिलं, कपाळ मनगटाने पुसलं, आणि हाताने कपाची खूण करून विचारलं, चहा हवा का?

प्रणीतने मान हलवली. हवा.